चांदीची दोन कासवं

कंबर लचकलेला माणूस वाकून बुटाच्या नाड्या बांधत नाही. एवढी अक्कल तरी त्या माणसाला असायला पाहिजे होती. आला तेव्हा एक हात कमरेवर, तोंड वाकडं, "मावशी, लई तकलीफ हाय, बसवतबी न्हाई" असं कण्हत आला. बाजेवर बसला, दोनदा चहा मागून घेतला, पुडाभर बिस्किटं संपवली आणि जायच्या वेळी टणकन उठला. उंबऱ्यापाशी वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सावकाश, गाठीवर गाठ मारून बांधल्या. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हा मला भ्या वाटलं.

मी शालूबाई. हट्ट्यात आमचं घर हळदीवाल्यांचं म्हणून ओळखतात. तिसरीपर्यंत शाळा झाली, पुढं आईनं शेणाची पाटी हातात दिली. पण दारात आलेला माणूस कशाला आला, ते मला त्याच्या पायातल्या वहाणांवरून कळतं. असल्या उन्हात नाडीचे बूट घालून आमच्याकडं कुणी फिरत नाही.

तो आला होता माझ्या नातीकडं. प्रतिक्षा नाव तिचं, सात वर्षांची आहे. ती पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले, डोकं मागून. माझी सून साधना तेव्हा परभणीच्या दवाखान्यात मरता मरता वाचली. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते, लचक उतरते, असं लोक म्हणतात. जाते की नाही ते मला ठाऊक नाही, पण माणसं यायची. औंढ्याहून यायची, बाळापुराहून यायची. पालथं झोपवायचं आणि पोरीचा डावा पाय तीनदा पाठीला टेकवायचा. पोरगी खुदुखुदु हसायची. लोक नारळ ठेवायचे, "शालूबाईची नात लई गुणाची" म्हणायचे. मला ते गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

पायाळूबद्दल लोक आणखी एक गोष्ट म्हणतात. तिला अंजन लावलं तर जमिनीखाली पुरलेलं धन दिसतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

"नाव काय म्हणाले तुमी?" मी त्या माणसाला चहा देताना विचारलं होतं.

"भीमराज. बाळापूरकडचा."

"बाळापुरात कोणाचे?"

"बाळापुरातलं न्हाई, तिकडून जरा पुढं." पुढं म्हणजे कुठं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोरीकडं बघत म्हणाला, "लेकरू अमावस्येचं हाय का, मावशी?"

"काहून? पंचांग लिहून राहिले का?"

तो हसला. त्याचे दात बारीक बारीक होते. बशीतला चहा फुंकत, माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "कासव किती हातावर लागलं?"

"कोणतं कासव?"

"चांदीचं. समदा तालुका बोलून राहिला, अन् तुमी मलाच लपवून राहिल्या."

मी म्हटलं, आमच्याकडं असलं काही नाही. तो म्हणाला, बरं. पोरीचा पाय पाठीला लावून घेतला, एका चिठ्ठीवर मोबाईलचा नंबर लिहून बाजेवर ठेवला, "पुन्यांदा उसण भरली की येतो" म्हणाला. मग त्या नाड्या.

आता कासवाचं सांगते, कारण त्यात माझाच हात आहे.

माझा पोरगा विश्वंभर गावात खता-बियाण्याचं दुकान चालवतो. त्याचा बाप जाताना त्याच्या हातात निजामाच्या काळातला एक चारमिनारचा रुपया देऊन गेला. तेव्हापासून ह्याला नाण्यांचं याड लागलं. बारा वर्षं त्यानं जुने रुपये, दोन आणे, चार आणे जमवले. मग एक दिवस ते सगळे देऊन टाकले आणि एकच नाणं घरी आणलं. मी कपाळावर हात मारला.

"माय, हे ग्रीस नावाच्या देशातलं हाय," तो म्हणाला. "तिथं एक लहानसं बेट व्हतं. अडीच हजार वर्षांखाली त्या बेटावरच्या लोकांनी पाडलं."

तोळ्याहून जरा जड, जाड, ओबडधोबड चांदीचा गोळा. त्याच्यावर कासव. पाठीवर टिंबांची ओळ, चारी पाय पसरलेले. आमच्या औंढ्याच्या नागनाथापुढं असतं ना, तसंच. मला एकदम ते घरातलं वाटलं. मी बोट लावून नमस्कार केला. विश्वंभर म्हणाला, "बोट लावू नको, कडेनं धर." देवाला बोट लावू नको म्हणणारा हा माझा पोरगा.

ते पहिलं कासव समुद्रातलं. पुढं त्या बेटाचं समुद्रावरचं राज्य गेलं आणि लोकांनी नाण्यावर जमिनीवरचं कासव घातलं, असं शिकलेली माणसं सांगतात म्हणे. जमिनीच्या कासवाच्या पाठीवर खण असतात. विश्वंभरला ते दुसरं पाहिजे होतं. दोन वर्षं तो त्याच्या मागं होता. मिळायचं नाही, आणि मिळालं तर झिजलेलं असायचं. यंदा माघात त्याला कळलं की मुंबईत कुणा म्हाताऱ्याच्या संग्रहातली नाणी लिलावाला निघाली, त्यात ते आहे, आणि घरी बसून मोबाईलवर बोली लावता येते.

लिलाव दुपारचा होता. दुकानाच्या मागच्या खोलीत बियाण्याच्या पोत्यांवर त्यानं मोबाईल उभा केला. मीही जाऊन बसले. मोंढ्यात हळदीचं बीट निघतं ते मी नवऱ्यासंगं कैकदा बघितलं आहे. तिथं बोली बोलणारा ढिगाऱ्यावर उभा राहून ओरडतो, व्यापारी मान हलवतात, आणि कोण किती पाण्यात आहे ते तोंडावरून कळतं. इथं कोट घातलेला एक माणूस हातात लाकडाची हातोडी घेऊन हळू आवाजात बोलत होता आणि समोरचा गिऱ्हाईक दिसतच नव्हता. नुसता त्याचा नंबर, अकरा.

"कोण हाय रे हा अकरा?"

"कोणाला ठाऊक, माय. मुंबईचा असंल, न्हाई तर दिल्लीचा."

विश्वंभरनं तळहातावर पेनानं एक आकडा लिहून ठेवला होता. त्याच्या पुढं जायचं नाही असं ठरवून बसला होता. बोली चढत गेली. तो एकदा बटण दाबायचा, अकरा एकदा दाबायचा. तळहातावरचा आकडा आला आणि अकरानं पुन्हा दाबलं. विश्वंभरनं हात मागं घेतला. त्याचं तोंड लहानपणी जत्रेत फुगा सुटला होता तेव्हासारखं झालं.

"गेलं, माय."

"जातं कसं?" मी म्हटलं, त्याचं बोट बाजूला सारलं आणि माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं.

कोटवाला थांबला. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. अकरा गप. हातोडी टक्कन वाजली. विश्वंभर पोत्यावर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला, पण खरं सांगायचं तर माझ्या मनात एकच होतं, की हे मी जिंकलं.

पंधरा दिवसांनी नाणं आलं. विश्वंभरनं दोन्ही कासवं माझ्या पदरावर ठेवली, एक टिंबांचं, एक खणांचं. प्रतिक्षा गुडघ्यावर बसून किती तरी वेळ बघत होती. "आजी, हे जेवत काय असतील?" मला विचारत होती. विश्वंभरनं सगळ्यांना सांगितलं, "ही गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची न्हाई."

आणि मी नेली.

हळद शिजवायचे दिवस होते. शेतात कढई लागलेली, बाया ओळीनं बसून हळकुंडं निवडत होत्या. लक्ष्मीबाई तिच्या सुनेच्या माहेरच्या चांदीच्या ताटाचं कौतुक सांगत सुटली. ताट असं, ताट तसं, ताटावर मोर. अर्धा तास मी सोसलं. मग म्हटलं, "आमच्या घरात अडीच हजार वर्षांची चांदी हाय, लक्ष्मे. कासवाची."

"तुमच्या घरात? कुठून आली?"

आता इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. मुंबईच्या लिलावातून आली, पोरानं विकत घेतली. पण विकत घेतली म्हणायला मला कमीपणा वाटला. ताट काय, कुणीही विकत घेतो. मी म्हटलं, "आमच्या घराण्याची हाय."

लक्ष्मीबाईचं तोंड बंद झालं. तेवढ्यासाठी मी एवढं मोठं खोटं बोलले.

त्याच महिन्यात आमच्या परसात शोषखड्डा खणला होता, मोरीचं पाणी मुरायला. खोल खड्डा, आत दगडगोटे. लोकांनी जोडायचं ते जोडलं. घराण्याची चांदी, नवा खड्डा, घरात पायाळू पोरगी. पोरीनं दाखवलं, ह्यांनी खणलं, हंडा निघाला. वर कासव. गुप्तधनावाले कासव शोधत फिरतात, वीस नखांचं कासव असलं की धन सापडतं म्हणतात. ते तर आमच्याकडं चांदीचं निघालं.

हे सगळं मला तो माणूस नाड्या बांधून गेल्यावर एकदम समजलं. मी दाराला कडी लावली आणि भर दुपारी घरात बसून राहिले. पोरगी म्हणाली, "आजी, तू काहून घामेजली?"

विश्वंभरला मी त्या माणसाबद्दल सांगितलं, पण लक्ष्मीबाईचं नाही सांगितलं. तो म्हणाला, "मी तर कुणापाशी बोललो न्हाई, माय." मी तोंड फिरवून भांडी लावत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीची बादली उचलायला परसात गेले. शोषखड्ड्याच्या कडेला हळदकुंकू वाहिलेलं होतं. एक लिंबू अर्धं कापलेलं, त्याला टाचण्या टोचलेल्या. बाजूला तांदळाच्या चार मुठी, चार कोपऱ्यांना. कुणी तरी आमच्या कुंपणातून आत आलं होतं, आमच्या परसात बसलं होतं, आणि आम्ही घरात होतो. बादली माझ्या हातातून सुटली. साधना धावत आली. तिनं ते बघितलं आणि पोरीला कडेवर उचलून घेतलं. सात वर्षांची थोराड पोरगी, तरी उचलून घेतलं आणि खाली ठेवेना.

त्या दिवशी पोरीला शाळेत पाठवलं नाही. रस्त्यावरून गाडी गेली की मी खिडकीशी जायचे. पांढऱ्या रंगाची एक गाडी दोनदा गेली. दुसऱ्यांदा ती आमच्या घरापुढं हळू झाली. दुपारी विश्वंभरच्या मोबाईलवर फोन आला, पलीकडं कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी आयुष्यात साप मारले आहेत, दोन बैलांच्या झुंजीत मधे घुसले आहे. पण त्या दिवशी मला पाणी प्यायला उठायचंसुद्धा भ्या वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेत काही परीक्षा होती. विश्वंभर स्वतः पोरीला वर्गापर्यंत सोडून आला आणि सुटायच्या वेळी आणायला गेला. आली ती उड्या मारत. मी हातपाय धुवायला घेतले तर उजव्या अंगठ्याचं नख काळं. नुसतं मळलेलं नाही, तेलकट, चकचकीत काळं.

"हे काय लागलं गं?"

"मामानं लावलं."

"कोणत्या मामानं?"

"बुटवाल्या. आपल्या घरी आला व्हता त्यो. मधल्या सुट्टीत मागच्या गेटाला आला. चॉकलेट दिलं. म्हणला, नखात बघ अन् काय दिसतं सांग."

"मग तू काय सांगितलं, बाई?"

"मला माझंच नाक दिसलं. लई मोठं." ती हसली. "मग त्यो म्हणला, नीट बघ, चांदीचं काय दिसतं? मग मी सांगितलं, कासवं दिसतात, दोन. एकाच्या पाठीवर टिंबं हायत अन् एकाच्या पाठीवर खण हायत. आजी, त्यो लई खूश झाला! परवा गाडीत बसवून कासवाच्या घरी नेतो म्हणला. मी शाळा बुडवू का परवा?"

परवा अमावस्या होती.

मी तिचं नख साबणानं घासलं, राखेनं घासलं, खोबरेल लावून घासलं. पोरगी "दुखतं, आजी" म्हणून रडायला लागली तरी घासत राहिले. काळं गेलं नाही. शेवटी साधनानं माझा हात धरून बाजूला केला.

विश्वंभर तसाच पोलीस ठाण्यात गेला आणि हिरासिंग जमादाराला घेऊन आला. हिरासिंग तांड्यावरचा, मोठ्या मिशांचा, पण बोलायला मऊ. त्यानं पोरीला काही विचारलं नाही, तिच्यापुढं मोबाईलवर माकडाचा व्हिडिओ लावून दिला आणि आम्हाला ओसरीवर घेऊन बसला.

"मावशी, जादूटोणा अन् नरबळीवाल्या असल्या लोकांसाठी कायदा हाय. धरू आमी त्याला. ओळखाल ना तुमी?"

"हजारात ओळखीन."

"बराबर. पण एक सांगतो. ह्या एकाला मी धरीन. तुमच्या घरी हंडा निघाला ही गोष्ट मी कशी धरू? उद्या दुसरा येईल. पोरगी मोठी होईस्तोवर येत राहतील."

पोरगी मोठी होईस्तोवर. दहा वर्षं मी खिडकीशी उभी राहणार, प्रत्येक गाडीच्या आवाजाला.

मग मी सांगितलं. लक्ष्मीबाईचं ताट, घराण्याची चांदी, सगळं. विश्वंभरकडं बघायची हिंमत झाली नाही म्हणून हिरासिंगच्या मिशांकडं बघत सांगितलं. विश्वंभर उठून ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

साधना दाराआडून म्हणाली, "मला ते पाय लावणं कधीच आवडलं न्हाई, आत्याबाई. माझ्या मरणातून आलेलं लेकरू हाय ते. तुमी त्याची जत्रा केली."

लग्न होऊन आल्यापासून ती मला पहिल्यांदा उलट बोलली. एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि विचार करत बसले. मग उठून बाजेखाली पडलेली भीमराजची चिठ्ठी काढली आणि विश्वंभरला म्हटलं, "लाव फोन."

भीमराजनं लगेच उचलला.

"मी शालूबाई, हट्ट्याची. पोरीला तुमच्या संगं पाठवते, पण घरी येऊ नका, पोराला आवडत न्हाई. उद्या बाजार हाय. दुपारी मारुतीच्या पारापाशी या. गर्दीत कुणी बघत न्हाई."

"मावशी, तुमी समजदार हायत," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी पदरानं कान पुसला.

विश्वंभरला मी सांगितलं, उद्या दोन्ही कासवं पारावर न्यायची. तो पांढरा पडला. "माय, बाजारात? हजार माणसात? कुणी हिसकली तर? दोन वर्षं..."

"मला ठाऊक हाय किती वर्षं. बटण मी दाबलं हाय. त्याच्यासंगं आलेलं पुस्तक अन् पावतीबी घे. परवा बँकेत टाक दोन्ही, मग तुझं तू बघ. पण उद्या समद्यांनी बघितली पाहिजेत."

पोरीला साधनासोबत घरात ठेवलं, दाराशी हिरासिंगचा एक शिपाई. हिरासिंग स्वतः साध्या कपड्यात पाराजवळच्या हॉटेलात भजी खात बसला. बाजार भरात होता. मिरच्यांचे ढीग, भांडीवाले, कापडवाले. मी पारावर चढले आणि झाडाला धरून उभी राहिले. खाली विश्वंभर, छातीशी पिशवी धरून. त्याला ती सोडवेना. मीच ओढून घेतली.

लाल फडकं अंथरलं, त्याच्यावर दोन्ही कासवं ठेवली. बाजूला लिलावाचं पुस्तक उघडलं, त्यात ह्याच नाण्याचा मोठा फोटो. पावतीवर दगड ठेवला. मग मी हाक मारली, हळदीच्या बिटातल्या माणसासारखी.

"या! समदे या! शालूबाईच्या घरातला हंडा बघा!"

लोक असे धावले की एकाची टोपली सांडली. लक्ष्मीबाई सगळ्यांच्या पुढं.

"बघा डोळे भरून. ही नाणी ग्रीस देशाची. आमच्या घराण्याची न्हाईत. आमच्या घराण्यात चांदीचं निरांजनबी नव्हतं. माझ्या पोरानं बारा वर्षांचं जमवलेलं मोडलं अन् ही घेतली. दुसरं मुंबईच्या लिलावात, मोबाईलवर, माझ्यादेखत. ह्यो फोटो, ही पावती. ज्याला वाचता येतं त्यानं वाचा, मला येत न्हाई बराबर. लक्ष्मे, मी तुझ्यापाशी खोटं बोलले. तुझ्या मोराच्या ताटापायी बोलले."

लक्ष्मीबाईनं तोंडाला पदर लावला. गर्दीतून किसनराव, आमच्या गल्लीतले म्हातारे, काठी वर करून म्हणाले, "मग खड्डा काहून खणला, शालूबाई?"

"शोषखड्डा हाय त्यो, किसनराव! आमच्या मोरीचं पाणी त्यात मुरतं. तुमचं रस्त्यावर येतं, मी रोज लुगडं वर धरून जाते!"

लोक हसले. त्या हशात मी त्याला बघितलं. भांडीवाल्याच्या मागं उभा होता, पायात तेच बूट. तो हसत नव्हता. तो नाण्यांकडंही बघत नव्हता, माझ्या आजूबाजूला पोरगी शोधत होता. आता पुढचं बोलायचं होतं, आणि ते बोलले की सात वर्षांचा माझा मान ह्याच पारावर संपणार होता.

"आणखी एक ऐका. माझी नात पायाळू न्हाई. डोक्याकडून जन्मली, तुमच्या-माझ्यासारखी. मी मोठेपणासाठी खोटं सांगितलं."

विश्वंभर माझ्याकडं बघत राहिला. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि मी काय केलं तेही त्याला कळलं.

"अगं, मग माझी उसण कशानं गेली?" लक्ष्मीबाई ओरडली.

"आपोआप गेली, बाई! अन् तुझा नारळ आमी खोबऱ्याच्या चटणीत घातला. ह्यापुढं कमरेसाठी डाक्टरकडं जा. माझ्या दारात आलात तर मी पाय लावीन, पण माझा, अन् जोरात."

कुणी हसलं, कुणी "खोटारडी" म्हणालं. मी ऐकलं. तो माणूस मागं सरकायला लागला. तेवढ्यात शाळेच्या सुनिता मॅडम, भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाच! हाच काल मागच्या गेटाला होता. पोरीचा मामा हाय म्हणाला मला." हिरासिंग हॉटेलातून उठला, भज्याचे हात पुसत येऊन त्याच्या मागं उभा राहिला. भीमराजचा हात आपोआप कमरेवर गेला. तोंड वाकडं झालं.

"मावशी, मी तर इलाजाला आलतो. माझी कंबर..."

मी पारावरून उतरले. लोकांनी वाट दिली म्हणून त्याच्यापर्यंत पोचले. तो माझ्याहून हातभर उंच. मी वर बघून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं त्याला सांगितलं:

"तुझ्या कमरेला काही झालं न्हाई. माझ्या उंबऱ्यावर तू बराबर वाकला व्हतास, मी डोळ्यानं बघितलं. सात वर्षांच्या लेकराच्या नखाला काळं लावतोस अन् मला मावशी म्हणतोस? आमच्या घरात पुरलेलं काही न्हाई. जे व्हतं ते आज पारावर मांडलं, माझ्या इज्जतीसकट. आता जमादाराच्या गाडीत बस. अन् सुटून आलास अन् ह्या गावात दिसलास, तर बूट हातात घेऊन पळशील. नाड्या बांधायला येळ मी देणार न्हाई."